आमच्या ह्यांची पत

आमच्याकडे पाहुणा आला की पाण्याआधी त्याला बटणं समजावून सांगावी लागतात. बाथरूमचा दिवा हॉलमधल्या बोर्डावर लागतो. हॉलचा पंखा स्वयंपाकघरातून. गिझरचं बटण आतल्या खोलीत कपाटामागे आहे, हात घालून चाचपावं लागतं. आणि दाराशी जे पहिलं बटण आहे, कुठलाही शहाणा माणूस दिव्यासाठी जे दाबेल, ते कशाचंच नाही. ते दाबू नये एवढंच मला माहीत आहे. का, ते मला कधी कुणी सांगितलेलं नाही.

ही सगळी कर्तबगारी आमच्या ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. हे रबाळ्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. इलेक्ट्रिशियन नाहीत, कधी नव्हते. पण कारखान्यातल्या मेंटेनन्सवाल्यांच्या मागे उभं राहून जे काही दिसलं, तेवढ्या भांडवलावर त्यांनी आमच्या कोपरखैरण्याच्या घरातली वायर न् वायर स्वतः बदलली. भिंतीतला एखादा पाइप बुजलेला निघाला तर भिंत फोडायची नाही. जिथून वायर ओढता येईल तिथून ओढायची आणि जिथे निघेल तिथे बटण बसवायचं. म्हणून आमची बटणं अशी गावभर पांगली. ह्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, टेस्टर असतो. माझ्या भाचीच्या लग्नात कार्यालयातले पंखे बंद पडले, तेव्हा सगळ्या वऱ्हाडात खूश असलेला हा एकच माणूस होता.

इलेक्ट्रिशियन बोलवायचा नाही यामागे कंजूषपणा आहे असं लोकांना वाटतं. तसं नाही. पैसे द्यायला ह्यांची कधी ना नसते. ह्यांना मिंधं होणं सोसत नाही. कामाला येणारा माणूस आज येतो म्हणतो आणि येत नाही, मग आपण त्याची वाट बघायची, त्याला पुन्हा फोन करायचा, आला की बरं झालं आलात म्हणायचं. हे सगळं ह्यांच्या लेखी हात पसरणं. कर्जाचं तर नावच नको. आमच्याकडे फ्रिज आला तो रोखीने, टीव्ही आला तो रोखीने, आणि हे घरसुद्धा गावाकडचा वाटा विकून, माझे दागिने मोडून, रोखीने घेतलेलं. हप्ता हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा. "कुणाचं एका पैशाचं देणं नाही," हे वाक्य हे अनोळखी माणसालाही लगेच ऐकवतात, त्याने विचारलेलं नसलं तरी.

शेजाऱ्यांची कामं मात्र हौसेने करतात. जिन्यात कुणी "काका, आमचा पंखा आवाज करतोय," एवढं म्हणायचा अवकाश, की हे जेवायला घरी न येता आधी तिकडे. आणि काम झाल्यावर कुणी चहा विचारला तर नको. सरबत, तेही नको. दिवाळीला कुणी फराळाचा डबा आणला तर तो उभ्या उभ्या रिकामा करून, धुऊन, आपल्याकडचं दुप्पट भरून परत. हळूहळू लोक डबे आणायचे बंद झाले. मी म्हणायचे, "अहो, घ्या की कपभर चहा, त्यांनाही बरं वाटेल." तर हे म्हणायचे, "चहा घेतला की हिशेब सुरू झाला."

माझे गुडघे धड होते तोवर मला या सगळ्याची गंमत वाटायची. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. गुडघ्यांनी असा दगा दिला की आधी बाजार सुटला, मग समोरची बाग सुटली, मग जिनाच सुटला. ऑपरेशन करावं तर हृदयाचे डॉक्टर अजून हो म्हणत नाहीत. शेवटी शेवटी मी फक्त दवाखान्यात जाण्यापुरती उतरायचे, तीही बसत बसत, लहान मूल उतरतं तशी एकेक पायरी. वर चढताना मधेच रडू यायचं आणि ते दुखण्याचं नसायचं.

दिवसभर मी आणि खिडकीचं ग्रिल. खुर्ची ग्रिलला चिकटवून बसायचं आणि खालची भाजीची गाडी बघायची. भाजीवाल्याला वरून ओरडून सांगावं तर तो मान वर करून हसायचा आणि पालकाऐवजी मेथी द्यायचा. पूर्वी मी मासळी आणायला पायी बोनकोड्याला जायचे. तिथली मासळीवाली मला लांबून बघूनच ओरडायची, "ये गो ताय, तुझ्यासाठी ठेवलंय." आता मासळी हे आणतात. वास न घेता, कल्ले न बघता, फक्त वजनकाटा नीट बघून. हे कामाला गेले की संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. बहीण फोनवर विचारायची, "काय करतेस?" काय सांगू? मला त्या घराचा राग यायला लागला होता, त्या ग्रिलचा, त्या बटणांचासुद्धा. मी कोंडली गेले होते आणि कोंडणारा कुणी दिसत नव्हता, म्हणून सगळा राग ह्यांच्यावर निघायचा.

"मला लिफ्ट असलेल्या घरात न्या," मी म्हटलं. एकदा नाही, रोज म्हटलं. तळमजल्याच्या घराचाही विचार झाला, पण आमच्या भागातले तळमजले सगळे क्लासवाल्यांनी आणि क्लिनिकवाल्यांनी घेतलेले. भाड्याने जाऊ म्हटलं तर हे म्हणाले, "स्वतःचं घर असताना दुसऱ्याच्या घरात?" मग उरलं ते एवढंच: हे घर विकायचं, लिफ्टवालं घ्यायचं आणि मधल्या फरकासाठी बँकेचं कर्ज काढायचं. त्या शब्दापर्यंत ह्यांना आणायला मला अख्खा पावसाळा लागला. एकदा दवाखान्यातून येताना मी दुसऱ्या मजल्यावर जी बसले ती उठेचना. हे माझ्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "बरं. काढू कर्ज." त्यांचा चेहरा बघून मलाच त्यांची दया आली.

इस्त्रीचा शर्ट घालून, पगाराच्या स्लिपा फाइलीत लावून हे बँकेत गेले. परत आले ते चपला न काढताच खुर्चीत बसले.

"नाही म्हणाले."

"का? पगार कमी पडतो?"

"पगार चालतो. माझा स्कोअरच नाही म्हणे."

बँकेतल्या मुलीने ह्यांना नीट समजावलं होतं. कॉम्प्युटरवर बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "काका, तुमची हिस्टरीच नाहीये. कधी लोन नाही, कार्ड नाही, काहीच नाही. त्यात रिटायरमेंट जवळ आलेली. तुम्ही पैसे परत करता की नाही, हे आम्हाला कसं कळणार?"

ते शेवटचं वाक्य हे रात्रीच्या जेवणापर्यंत म्हणत राहिले. "जन्मभर कुणाचं काही ठेवलं नाही, आणि मी परत करतो की नाही हे कळत नाही म्हणे." मला हसूही आलं आणि रडूही. आमच्या एका चुलत दिरांनी चार ठिकाणी कर्ज काढून गाडी घेतली, टीव्ही घेतला, गोव्याला जाऊन आले. त्यांना बँकांचे फोन घरबसल्या येतात, अजून घ्या म्हणून. आणि ज्याने उसनी काडेपेटीसुद्धा आणली नाही त्याची पत शून्य. मुलीने उपायही सांगितला होता. एखादी छोटी वस्तू हप्त्यावर घ्या, वर्षभर न चुकता तारखेला हप्ता भरा, पत तयार होईल, मग या. म्हणजे अजून एक वर्ष. मी ग्रिलकडे बघितलं आणि मनाशी म्हटलं, एक वर्ष काढीन. निदान कुठेतरी शेवट आहे.

हप्त्यावर काय घ्यायचं याचा ह्यांनी परीक्षेसारखा अभ्यास केला आणि इन्व्हर्टर घेतला. "तू एकटी असतेस, लाइट गेली की घामाघूम होतेस," म्हणाले. सही करायच्या आधी कागदांवरची ओळ न् ओळ दोनदा वाचली, हे त्यांनीच मला सांगितलं. दुकानाचा माणूस बसवून द्यायला आला, त्याला दारातूनच परत पाठवलं. आमच्या घरातली वायरिंग त्याला कळली नसती हेही खरंच. बॅटरी गॅलरीत ठेवली आणि इन्व्हर्टर माळ्यावर चढवला, खाली जागा अडते म्हणून. दोन दिवस घरभर वायरींची वेटोळी. काम संपल्यावर मला उभं करून धडा दिला, "काही झालं, कुठे जळल्यासारखं वाटलं, तर आधी मेन बंद करायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही." मेन स्विच दाराच्या वर आहे, काठीने खाली ओढता येतो. तो ओढून दाखवायलाही लावला. मला तेव्हा ह्यांचं कौतुक वाटलं होतं.

काही महिने गेले आणि एका संध्याकाळी हे पेढे घेऊन आले.

"काय झालं?"

"मोकळा झालो," हे म्हणाले. कारखान्यात बोनस मिळाला होता. ह्यांनी तसंच दुकान गाठून उरलेले सगळे हप्ते एकदम भरून टाकले होते. "डोक्यावर ओझं असलं की झोप लागत नव्हती गं." चेहरा असा उजळलेला होता की मीही पेढा खाल्ला. देवापुढेही एक ठेवला.

रात्री कूस बदलताना मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी मी त्या बँकेतल्या मुलीला फोन लावला. तिने ह्यांचं खातं उघडून बघितलं. मग म्हणाली, "काकू, वर्षभर भरायचे होते ना. एवढ्याशा हप्त्यांवरून काय दिसणार? खातंच बंद केलं त्यांनी. आता दुसरं काहीतरी घेऊन पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे घरात पाऊल टाकायच्या आत मी सुरू झाले. "तुमची अब्रू तुम्हाला लखलाभ. मी इथेच मरणार, आणि मग न्याल मला खाली. तिरडी तेवढी रोखीने आणा, कुणाचं देणं ठेवू नका." असं बोलू नये. पण मी बोलले आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. हे आत आले. खिशातून टेस्टर काढला आणि हॉलमधला चांगला चालणारा बोर्ड उघडून बसले. नंतर ह्यांनी हप्त्यावर एक मोबाइल घेतला आणि त्याचे हप्ते आता दात-ओठ खात तारखेलाच भरताहेत. पण त्या आठवड्यात आमच्या घरात फक्त भांड्यांचे आवाज होते.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारचं जेवण आटोपून मी खुर्चीत डुलकी घेत होते. जळका वास आला. आधी वाटलं कुणाचं दूध करपलं. मग हॉलच्या बोर्डातून तडतड ऐकू आली आणि बटणांच्या फटीतून धूर येताना दिसला. मी घाबरले, पण धडा पाठ होता. काठी घेतली, दाराशी गेले, मेन खाली ओढला. पंखा मंदावला. मी श्वास सोडला, आणि पंखा पुन्हा फिरायला लागला. बोर्डही पुन्हा तडतडायला लागला.

मला काही कळेना. मेन बंद केलाय, माझ्या डोळ्यांसमोर खाली आहे, आणि घरात वीज आहे. मग डोक्यात प्रकाश पडला. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो आपलं काम सुरू करतो. त्यासाठीच तर घेतला होता. ह्यांनी मला मेनचं सांगितलं होतं. इन्व्हर्टर बंद करायचं सांगायचं राहून गेलं होतं, आणि तो माळ्यावर. स्टुलावर चढणं माझ्या गुडघ्यांना या जन्मी शक्य नाही. ह्यांचा फोन कारखान्याच्या गेटवर जमा होतो, तो लावूनही उपयोग नव्हता. बोर्डाचं प्लास्टिक वितळून खाली ओघळायला लागलं. त्या घरात एवढी बटणं, आणि बंद करायचं एकही माझ्या हाताला लागेना. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी भिंतीला धरून बाहेर आले आणि समोरचं दार बडवलं. समोर लातूरकडचं एक जोडपं राहतं. तो महाप्याला रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो. तो बनियनवरच बाहेर आला. "काकू, बाजूला व्हा," म्हणाला, स्टूल ओढलं, माळ्यावर हात घातला आणि घर एकदम गप्प झालं. बोर्ड काळाठिक्कर पडला होता, वरच्या भिंतीवर काजळी. त्याच्या बायकोने मला धरून ठेवलं होतं.

"काकू, इथं धूर हाय, खाली चला," तो म्हणाला.

"मला उतरता येत नाही रे."

"मग उतरताय कशाला?"

त्याने त्यांच्या घरातली हाताची लाकडी खुर्ची आणली. बायकोने ओढणीने मला खुर्चीला बांधलं. आवाज ऐकून पहिल्या मजल्यावरचे दोघे भाऊ वर आले होते, वॉचमनही धावत आला. चौघांनी उचललं. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली की मी डोळे मिटायचे. "टेन्शन नका घेऊ काकू, आमी सोडत नाय," मागून कुणीतरी म्हणालं.

गेटजवळच्या बदामाच्या झाडाखाली त्यांनी मला ठेवलं आणि पाणी दिलं. मग जे वाटलं ते सांगायला थोडी लाज वाटते. मला छान वाटलं. वर माझं घर काळं झालं होतं आणि मला छान वाटत होतं. चपला वरच राहिल्या होत्या. मी पाय जमिनीला टेकवले, जमीन तापलेली होती, तरी उचलले नाहीत. येणारीजाणारी प्रत्येक बाई थांबत होती, विचारपूस करत होती, कुणी स्टूल घेऊन शेजारी बसलीसुद्धा. एवढी माणसं माझ्याशी बोलली त्याला किती महिने झाले होते. मी सगळ्यांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आणि दर वेळी थोडी वाढवून सांगितली.

संध्याकाळी हे गेटातून आत आले आणि मला झाडाखाली खुर्चीला बांधलेली बघून जागच्या जागी थांबले. समोरच्याच्या बायकोने सगळं सांगितलं. हे वर जाऊन बघून आले. खाली येऊन माझ्यासमोर उकिडवे बसले.

"एक जॉइंट ढिला राहिला माझ्याकडून," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तुला काही झालं असतं तर?"

मला राग शोधूनही सापडत नव्हता. अंधार पडायला लागला, डास चावायला लागले, तेव्हा हे उठले आणि हात पुढे करून म्हणाले, "चल. मी धरतो. बसत बसत जाऊ."

"नाही," मी म्हटलं. "जशी आले तशी जाईन. बोलवा त्यांना."

"अगं, दुपारी एवढा त्रास झालाय त्यांना. तो बिचारा झोपमोड करून..."

"बोलवा."

ह्यांनी हात मागे घेतला. मग जिन्याकडे गेले. मी खालून ऐकत होते. पहिल्या मजल्यावर बेल वाजली, दार उघडलं, आणि मग काहीच ऐकू येईना. शेवटी ह्यांचा आवाज आला, पण तो मला ओळखू येईना इतका बारीक. "जरा... हिला वर न्यायचं होतं. हात लावाल का?" माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ह्यांना कुणाकडे काही मागताना मी पहिल्यांदा ऐकत होते.

सगळे आले. समोरचा अंघोळ करून ड्यूटीच्या तयारीत होता, केस ओले. "काका, यात इचारायचं काय?" तो म्हणाला. "आमची लाइट गेली की आम्ही कधीपण तुमचं दार वाजवतो. तुमी चहा पन घेत नाय. आम्हाला तुमी कधी चान्सच दिला नाय."

खुर्ची वर निघाली. प्रत्येक मजल्यावर ते मला टेकवून दम खायचे. हे माझी पाण्याची बाटली घेऊन मागे. दुसरं काहीच करण्यासारखं नसल्यामुळे त्यांना ती बाटली कशी धरावी तेही कळत नव्हतं. दारात मला ठेवल्यावर ह्यांचा हात सवयीने पाकिटाकडे गेला. समोरच्याने बघितलं. हात तसाच मागे आला.

"चहा तरी घ्या," हे म्हणाले.

"चहा उद्या," तो म्हणाला. "उद्या कधी येऊ?"

"उद्या कशाला?"

"काकूंना खाली न्यायला. संध्याकाळी घरातच असतो मी. खाली बसतील घडीभर, मग वर आनू. रोज."

"नको, नको," हे घाईघाईने म्हणाले. "रोज रोज तुम्हाला कुठे... म्हणजे आज झालं तेच खूप झालं, उगाच तुम्ही..." जन्मभराची वाक्यं होती, एकामागून एक निघत होती. मी दोघांच्या मधे खुर्चीतच होते. ओढणीची गाठ अजून सोडायची होती.

"ऊन उतरलं की या," मी म्हटलं.